करणाधिप हेमाद्रि : दौलतीचें दप्तर आणि दगडाची कीर्ति

परभणी जिल्ह्याच्या उत्तर भागांत, जिंतूर तालुक्यांत, चारठाणा नांवाचें एक जुनें गांव आहे. गांवांत प्राचीन देवळांचे अवशेष जागोजाग विखुरलेले असून, त्यांतच एक कोरीव दगडी स्तंभ उघड्या आभाळाखालीं एकटा उभा आहे. हें सारें कोणीं बांधलें, असें तेथील एखाद्या वडीलधाऱ्या मनुष्यास विचारलें, तर उत्तर ठरलेलें असतें : "हेमाडपंतानें." गंगाखेड तालुक्यांत गोदावरीच्या कांठीं धारासूर येथें गुप्तेश्वराचें देऊळ आहे, तेथेंहि हेंच नांव ऐकूं येतें. औंढ्याचा नागनाथ १९९९ सालीं हिंगोली जिल्हा वेगळा होईपर्यंत परभणी जिल्ह्यांतच मोडत असे. त्याच्या काळ्या पाषाणाच्या शिल्पांकित भिंतीपुढें उभा राहणारा यात्रेकरूहि हेंच नांव घेतो. चुन्याचा उपयोग न करितां दगडावर दगड बसवून उभारलेलें देऊळ दिसलें, कीं तें हेमाडपंती, अशी महाराष्ट्राची समजूत आहे.

इतक्या इमारती ज्याच्या नांवावर लोकांनीं जमा धरल्या आहेत, तो पुरुष पाथरवट नव्हता, स्थपति नव्हता आणि राजाहि नव्हता. तो सरकारी दप्तराचा अधिकारी होता. देवगिरीच्या यादवांच्या दरबारीं ‘श्रीकरणाधिप’ हें त्याचें पद, आणि हेमाद्रि पंडित हें त्याचें नांव. लेखणीचीं माणसें सहसा विस्मृतींत जातात. राजाच्या नांवानें पोवाडे होतात, सेनापतीच्या नांवानें वीरगळ उभे राहतात. परंतु ज्यानें जमेस खर्चाशीं मेळ घातला, त्याचें नांव त्याच्या वह्यांबरोबर वाळवीच्या मुखीं पडतें. हेमाद्रीच्या बाबतींत मात्र उलटें झालें. वह्या नाहींशा झाल्या आणि नांव उरलें. तेंहि अशा गोष्टींवर, कीं ज्यांतील पुष्कळशा त्याच्या हातच्या नव्हत्या. म्हणून या अधिकाऱ्याच्या कारकिर्दीची फेरतपासणी करणें, त्याचें त्यास देणें आणि दुसऱ्याचें दुसऱ्यास परत करणें, हें इतिहासाचें एक कर्तव्यच आहे.

‘करण’ म्हणजे राज्याची लेखनकचेरी. राजाची आज्ञा लेखी स्वरूपांत उतरविणें, ती योग्य अधिकाऱ्याकडे रवाना करणें, दिलेल्या जमिनींची व माफ केलेल्या करांची नोंद ठेवणें, अशीं कामें या कचेरीकडे येत. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनीं दक्षिणेचा प्राचीन इतिहास १८८४ सालीं प्रसिद्ध केला. त्यांत त्यांनीं या पदाचा अर्थ असाच लाविला आहे : धन्याच्या वतीनें सर्व आज्ञा लिहून काढणारा व राज्याचें दप्तर सांभाळणारा मुख्य सचिव. याच शब्दाचा अंश आपल्या ‘कुळकर्णी’ या पदांत शिल्लक राहिला आहे. गांवच्या चावडींत बसून कोणाचें शेत किती व कोणाकडे बाकी किती, हें लिहिणारा कुळकर्णी आणि देवगिरीच्या किल्ल्यांत बसून सबंध राज्याचें दप्तर चालविणारा करणाधिप हे एकाच शिडीच्या खालच्या व वरच्या पायरीवर उभे होते, असें म्हणावयास हरकत नाहीं.

हें पद यादवांच्या राज्यांत विद्वत्तेचें माहेरघर होतें. हेमाद्रीच्या पूर्वीं भिल्लम व सिंघण या राजांच्या पदरीं सोढल नांवाचा करणाधिप होता. त्याचें घराणें मूळचें काश्मीरचें. त्याचाच पुत्र शार्ङ्गदेव. संगीतशास्त्रावरील ‘संगीतरत्नाकर’ हा जो ग्रंथ आज उत्तर व दक्षिण या दोन्ही परंपरा प्रमाण मानतात, तो या शार्ङ्गदेवानें लिहिला; आणि तो स्वतःहि करणांतीलच अधिकारी होता. दिवसा राज्याचें दप्तर पाहावें आणि उरलेल्या वेळीं श्रुति-स्वरांचें गणित मांडावें, असा त्या कचेरीचा लौकिक होता. हेमाद्रि त्याच परंपरेंत वाढला.

त्याचें गोत्र वत्स. पणजा वामन, आजा वासुदेव आणि बाप कामदेव, अशी वंशावळ त्याच्या ग्रंथांत दिलेली आहे. कृष्णदेव यादवाच्या पश्चात् त्याचा धाकटा भाऊ महादेव १२६१ सालीं गादीवर आला. या महादेवाच्या कारकिर्दींत हेमाद्रि श्रीकरणाधिप या पदावर असल्याचें त्याच्याच ग्रंथावरून कळतें. महादेवाचा काळ राज्यविस्ताराचा होता. ठाण्याच्या शिलाहारांचा शेवटचा राजा सोमेश्वर याचा समुद्रावर पराभव होऊन उत्तर कोंकण यादवांच्या ताब्यांत आलें. नवा प्रांत जिंकणें हें सेनेचें काम खरें. परंतु जिंकलेल्या प्रांतांत कोणतें गांव कोणाचें, पूर्वींच्या राजानें कोणास काय दिलें होतें, त्यांतील काय चालू ठेवावें आणि काय बंद करावें, हें ठरविण्याचें काम तलवार म्यान झाल्यावर सुरू होतें, आणि तें दप्तरखान्याचें काम असतें. राज्य वाढलें कीं दप्तरहि वाढतें, हा नियम तेव्हांहि आजच्यासारखाच होता.

१२७१ सालीं महादेव वारला व त्याचा पुत्र आमण गादीवर बसला. परंतु थोरल्या पातीचा वारस, कृष्णदेवाचा पुत्र रामचंद्र, जिवंत होता. त्यानें त्याच वर्षीं आमणास पदच्युत करून देवगिरी आपल्या हातीं घेतली. अशा प्रसंगीं जुन्या राजाचा विश्वासू मंत्री बहुधा बंदिशाळेंत किंवा परागंदा झालेला आढळतो. हेमाद्रि तर महादेवाच्या अगदीं जवळचा होता. असें असूनहि, शके ११९४ म्हणजे इ. स. १२७२ च्या ठाणें येथील ताम्रपटांत, रामचंद्र राज्य करीत असतां, सर्व करणांचें आधिपत्य हेमाद्रीकडेच असल्याचें नमूद आहे. त्याच्याकडे गजदळावरील माहुतांची देखरेख असल्याचाहि त्यांत उल्लेख येतो. राजा बदलला, पक्ष बदलला, परंतु दप्तर ज्याच्या हातीं होतें तो बदलला नाहीं. याचा अर्थ दोन प्रकारें लावतां येतो. कोणी म्हणेल, तो मोठा धोरणी व वारा पाहून पाठ फिरविणारा होता. परंतु दुसराहि अर्थ संभवतो. नव्या राजास गादी बळानें मिळाली, तरी कोणत्या गांवाचा वसूल किती व कोणास किती द्यावयाचें, याचें ज्ञान बळानें मिळत नाहीं. तें ज्याच्यापाशीं आहे, त्यास घालवून देणें म्हणजे आपलाच कोश अंधारांत लोटणें होय. या दोहोंपैकीं खरें कोणतें, तें ताम्रपट सांगत नाहीं. मात्र अधिकाऱ्याची उपयुक्तता राजघराण्यांतील भाऊबंदकीपेक्षां मोठी ठरल्याचें हें उदाहरण आपल्या इतिहासांत लक्षांत ठेवण्याजोगें आहे.

पंढरपुरास विठ्ठलाच्या देवळांत ‘चौऱ्यांशीचा लेख’ या नांवानें प्रसिद्ध असलेला एक मराठी शिलालेख आहे. १२७३ ते १२७७ या वर्षांत देवळास ज्यांनीं ज्यांनीं दान दिलें, त्यांची ती यादी होय. तींत राजा रामचंद्राचें नांव आहे, हेमाडि पंडिताचें आहे, आणि गांवोगांवच्या साध्या भाविकांचींहि आहेत. कोणीं किती दिलें, तें प्रत्येकाच्या नांवापुढें खोदलेलें आहे. ही एका अर्थीं देवळाची दगडी जमावहीच म्हटली पाहिजे. ज्याचें आयुष्य इतरांच्या रकमा नोंदविण्यांत गेलें, त्याची स्वतःची रक्कम दुसऱ्या कोणी नोंदविलेली अशी येथें सांपडते, हा योग मोठा चमत्कारिक आहे.

येथें एक प्रश्न सहजच उद्भवतो. हेमाद्रीच्या कचेरींतील मूळ हिशेब आज कोठें आहेत? याचें सरळ उत्तर असें, कीं ते उरले नाहींत. इंग्लंडच्या राजकोशाच्या चर्मपत्रांच्या गुंडाळ्या बाराव्या शतकापासून जवळजवळ अखंड टिकल्या आहेत. तेथील अभ्यासक कोणत्या वर्षीं कोणत्या परगण्यांतून किती जमा झाली, हें आजहि सांगूं शकतात. आपल्याकडे रोजचें लेखन नाशिवंत साहित्यावर होई. त्यांत १३१८ सालीं यादवांचें राज्य कायमचें बुडालें, आणि राज्याबरोबर दप्तरहि गेलें. उरले ते फक्त तांब्यावरचे व दगडावरचे लेख; म्हणजे ज्या नोंदी पिढ्यान्‌पिढ्या टिकाव्या अशी देणाऱ्याघेणाऱ्यांची इच्छा होती, तेवढ्याच. त्यांवरून मात्र त्या कचेरीची शिस्त कळून येते. दिलेल्या गांवाच्या चतुःसीमा, दान घेणाऱ्यांचीं गोत्रें व नांवें आणि दानाची तिथि, हीं सारीं त्यांत नेमकीं असतात. रामचंद्राच्या काळच्या एका दानपत्रांत तर अग्रहार मिळविणाऱ्या ब्राह्मणांवर अटीहि घातलेल्या आहेत : जमीन गहाण टाकूं नये, गांवांत जुगार चालूं देऊं नये, शस्त्र धरूं नये, सदाचरणानें राहावें. दिलेल्या पैशाचा उपयोग ठरल्या कामींच व्हावा, ही काळजी आजच्या अंदाजपत्रकांतहि दिसते. तिचें हें सातशें वर्षांपूर्वींचें रूप होय.

कागद गेले, तरी हेमाद्रीच्या मनाची ठेवण त्याच्या ग्रंथांत उरली आहे. ‘चतुर्वर्गचिंतामणि’ हा त्याचा प्रचंड संस्कृत ग्रंथ. व्रत, दान, तीर्थ, मोक्ष व परिशेष अशा पांच खंडांत त्याची आंखणी केलेली आहे. त्यांतील उपलब्ध भागांपैकीं बराचसा कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीनें एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत छापण्यास प्रारंभ केला. एकट्या व्रतखंडाचींच पृष्ठें दोन हजारांहून अधिक भरलीं. या खंडाच्या आरंभीं यादवकुळाची जी प्रशस्ति आहे, तिच्याच आधारें भांडारकरांनीं त्या घराण्याची वंशावळ पुष्कळ अंशीं निश्चित केली. दरबारी दप्तराचा अधिकारी धर्मग्रंथ लिहावयास बसला, तरी आरंभीं राजवंशाची नोंद केल्याशिवाय त्यास चैन पडलें नाहीं; आणि ही नोंद आज इतिहासाच्या कामीं आली.

ग्रंथाची पद्धति पाहिली, म्हणजे लिहिणारा हिशेबी मनुष्य होता हें ध्यानांत येतें. पुराणें व स्मृति यांतील हजारों वचनें त्यानें गोळा केलीं, तीं विषयवार लाविलीं, आणि प्रत्येक वचन कोठचें, हें बहुधा सांगितलें. सोन्याचीं, रुप्याचीं व धान्याचीं मापें कोणतीं, पल म्हणजे किती, प्रस्थ, आढक, द्रोण यांचें एकमेकांशीं प्रमाण काय, याची चर्चा त्यानें आधारांसह केली आहे. कोणतें कृत्य कोणत्या तिथीस करावें, यासाठीं कालनिर्णयाचें स्वतंत्र प्रकरण घातलें. माप आणि तारीख हीं ज्याचीं नक्की नाहींत, त्याचा हिशेब कधींच जुळत नाहीं. याखेरीज वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदया’वर ‘आयुर्वेदरसायन’ नांवाची टीका त्यानें लिहिली. आणि वैयाकरण बोपदेव यास आश्रय देऊन त्याच्या ‘मुक्ताफल’ या ग्रंथावरहि टीका केली. राज्याचा एवढा भार डोक्यावर असतां हें लेखन त्यानें एकट्यानें कसें केलें, याचें नवल वाटतें. त्याच्या हाताखालीं पंडितांचा ताफा असावा, असें अनेक अभ्यासक मानतात, आणि तें संभवनीयहि आहे. कचेरी कशी चालवावी हें ज्यास ठाऊक होतें, त्यानें ग्रंथहि कचेरीप्रमाणें चालविला असेल.

या ग्रंथांतील दानखंड विशेष विचार करण्यासारखा आहे. वरवर पाहणाऱ्यास तो केवळ पुण्यसंचयाचा मार्गदर्शक वाटेल. सोन्याच्या भारंभार राजास तोलण्याचें तुलापुरुषदान व इतर महादानें त्यांत सविस्तर आलीं आहेतच. परंतु त्यांच्याच जोडीला घराचें दान, वाटसरूंस उतरावयास जागा करून देण्याचें दान, विहिरी व तळीं खोदण्याचें पुण्य, पोथ्या लिहवून विद्यादान करण्याची रीति, आणि रोग्यांसाठीं वैद्य व औषधें यांनीं युक्त अशी आरोग्यशाला स्थापण्याचा विधि, हेहि विषय पुराणांच्या आधारानें मांडलेले आहेत. त्या काळच्या राज्यांत घरबांधणीचें खातें नव्हतें, आरोग्याचें नव्हतें, शिक्षणाचेंहि नव्हतें. राजा, सरदार, सावकार व श्रेणी यांच्याकडून हीं कामें करवून घ्यावयाचीं, तर तीं धर्माच्या भाषेंतच सांगावीं लागत. ज्याच्या हातीं राज्याचें दप्तर होतें, त्यानें दानाच्या मिषानें लोकोपयोगी खर्चाची एक यादीच समाजापुढें ठेविली, असें म्हटलें तर तें अगदींच निराधार होणार नाहीं. हेमाद्रीस आपण असें कांहीं करीत आहों याची जाणीव होती कीं नव्हती, हा प्रश्न निराळा. यादी मात्र तेथें आहे, आणि तींत निराश्रितास निवारा व रोग्यास औषध हीं सुवर्णतुलेच्या पंक्तीस बसलेलीं आहेत.

आतां देवळांकडे वळावें. हेमाडपंती म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बांधणीचें मर्म असें, कीं तींत दगड चुन्यानें सांधलेले नसतात. एका दगडास खांच व दुसऱ्यास त्या खांचेंत बसणारें कुसूं ठेवून ते एकमेकांत अडकविलेले असतात, आणि वरच्या थराच्या भारानेंच खालचा थर जागच्या जागीं राहतो. खांबावर तुळई, तुळईवर आडवे दगड, आणि छत झांकतांना प्रत्येक थर थोडथोडा पुढें काढीत मध्यें आणलेला, अशी ही रचना. कमान तींत नाहीं. मराठवाड्यांत व देशावर काळा कातळ विपुल, पाथरवट कुशल, म्हणून ही रीति येथें शतकानुशतकें नांदली. चारठाण्याचा स्तंभ, धारासूरचें देऊळ आणि औंढ्याच्या नागनाथाच्या मूळ दगडी भिंती हीं याच विस्तीर्ण परंपरेचीं अपत्यें होत. औंढ्याचा वरचा भाग मात्र मागाहून जीर्णोद्धारांत बांधलेला आहे, हें पाहणाऱ्याच्या सहज लक्षांत येतें.

परंतु ही रीति हेमाद्रीनें काढली काय? ठाणें जिल्ह्यांतील अंबरनाथाचें देऊळ या प्रश्नाचें उत्तर देतें. तेथील शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० चा आहे. हेमाद्रि अधिकारावर येण्याच्या दोनशें वर्षें आधीं, शिलाहारांच्या राज्यांत, तें देऊळ याच पद्धतीनें पूर्ण झालेलें होतें. दक्षिणेंतील मध्ययुगीन देवळांची पाहणी करून हेन्री कझिन्स या पुराणवस्तुशास्त्रज्ञानें १९३१ सालीं जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यांतहि हेमाडपंती हें नांव वाटेल त्या जुन्या देवळास लावलें जातें, असें त्यानें दाखवून दिलें आहे. चालुक्य, शिलाहार व यादव या सर्वांच्या काळांतील अनाम सूत्रधार आणि पाथरवट यांचें हें ऋण आहे. तें एका सचिवाच्या खात्यावर चढलें आहे, आणि हिशेबाच्या दृष्टीनें ही नोंद चुकीची आहे.

मग ही चूक झाली कशी? याचें एक कारण असें दिसतें, कीं यादवांच्या अखेरच्या भरभराटीच्या काळांत या पद्धतीचीं पुष्कळ देवळें उठलीं, आणि त्यांस लागणाऱ्या जमिनी व पैसा यांच्या आज्ञा करणांतून सुटल्या असल्या पाहिजेत. आज्ञापत्रावर ज्याच्या कचेरीची खूण, त्याचेंच काम, अशी लोकांची समजूत होणें स्वाभाविक आहे. दुसरें कारण याहून खोल आहे. राज्य बुडाल्यावर लोकांपाशीं मागल्या वैभवाच्या पुष्कळ वस्तु उरल्या, पण त्या कोणाच्या हें सांगणारें दप्तर उरलें नाहीं. तेव्हां आठवणींत जें एक नांव ठळक होतें, त्याच्याकडे लोकांनीं सर्व कांहीं देऊन टाकिलें. मोडी लिपि त्यानें लंकेहून आणली, ही कथा त्यांतलीच. बाजरीचें पीक त्यानें महाराष्ट्रांत आणलें, असेंहि सांगतात. परंतु बाजरी तर या देशांत यादवांच्याहि हजारों वर्षें आधींपासून होती, हें उत्खननांत मिळालेल्या दाण्यांवरून सिद्ध झालें आहे. कचेरींतील लेखनाचे नियम सांगणारें ‘हेमाडपंती मेस्तक’ त्याच्या नांवानें चालत आलें. त्यांत मागाहूनची भर पुष्कळ दिसते. मोडीविषयीं इतकेंच म्हणतां येईल, कीं आज उपलब्ध असलेले मोडी कागद यादवांच्या नंतरचे आहेत. पण हात न उचलतां झरझर लिहितां यावें, ही गरज ज्या कचेरीस सर्वांत जास्त भासली असेल, ती करणाची कचेरी होय. म्हणून दंतकथा खरी नसली, तरी ती अगदींच आंधळी नाहीं. तिनें लिपि, धान्य आणि घर या तीन वस्तु नेमक्या दप्तराच्या अधिकाऱ्यास दिल्या आहेत. राज्यकारभारापासून सामान्य मनुष्यास ज्या तीन गोष्टींची अपेक्षा असते, त्या ह्याच.

कीर्तीबरोबर हेमाद्रीच्या नांवावर दोषहि पुष्कळ लिहिले गेले आहेत, आणि ते वगळून चालणार नाहीं. महानुभाव पंथाच्या परंपरेंत श्रीचक्रधरस्वामींच्या छळाशीं त्याचें नांव जोडलेलें आहे. तो पंथ मराठींत बोलत होता, स्त्रियांस व सर्व वर्णांस उपदेश देत होता. हेमाद्रि संस्कृतांत व्रतांचीं व दानांचीं बंधनें बांधीत होता. या दोन प्रवाहांचें सख्य असणें शक्यच नव्हतें. पुढें इतिहासाचार्य राजवाडे यांच्यासारख्या अभ्यासकांनीं त्याच्यावर कठोर टीका केली. वर्षाच्या दिवसांहून अधिक व्रतें सांगणाऱ्या या ग्रंथानें समाजास कर्मकांडांत गुंतविलें व त्याचें तेज हरपलें, असा त्या टीकेचा रोख आहे.

त्या टीकेच्या मागें १२९६ सालचा प्रसंग उभा असतो. अल्लाउद्दीन खिलजी थोड्या घोडदळानिशीं देवगिरीवर चालून आला; रामचंद्राची मुख्य सेना त्या वेळीं दूर होती. राजा किल्ल्यांत शिरला. घाईघाईनें धान्याचीं म्हणून जीं पोतीं वर चढविलीं होतीं, तीं वेढ्यांत उघडून पाहतां त्यांत मीठ निघालें, असें फेरिस्ता सांगतो. अखेर शेंकडों मण सोनें व अगणित रत्नें देऊन राजानें तह केला. फेरिस्ता तीनशें वर्षांनंतर लिहितो, त्यामुळें त्याचे आंकडे जसेच्या तसे घेण्याचें कारण नाहीं. परंतु कोश भरलेला आणि कोठार न तपासलेलें, हें त्या कथेंतील चित्र राज्यकारभार करणाऱ्या कोणासहि विचार करावयास लावणारें आहे. जमेची बाजू कितीहि मोठी असली, तरी ती योग्य वेळीं तट, टेहळणी आणि धान्य यांवर खर्च झाली नाहीं, तर ती दुसऱ्याच्याच कामीं येते.

हा दोष हेमाद्रीच्या माथीं मारावा काय? त्याच्या अधिकाराचे जे लेख वर सांगितले, ते या प्रसंगाच्या वीस वर्षें आधींचे आहेत. मिठाच्या पोत्यांचा जाब त्यास विचारणें न्यायाचें होणार नाहीं. व्रतांचेंहि असेंच आहे. तीं त्यानें निर्माण केलीं नव्हतीं. पुराणांत विखुरलेलीं होतीं, तीं त्यानें एकत्र नोंदविलीं. परंतु नोंद करणारा सर्वस्वीं निर्दोष असतो, असेंहि नाहीं. कचेरींत जें वहींत चढतें तें चालू राहतें, आणि जें चढत नाहीं तें गळतें. शेंकडों व्रतें प्रमाण म्हणून वहींत चढविणाऱ्यानें तीं चालू ठेवण्यास बळ दिलें, एवढी जबाबदारी त्याच्याकडे जातेच. त्याच्या हयातींतल्या त्याच मुलखांत, परभणी जिल्ह्यांतील गंगाखेडास जन्मलेली जनाबाई व शेजारच्या नरसीशीं ज्यांचें नांव निगडित आहे ते नामदेव यांच्या पिढीनें, तुला, सुवर्ण व पुरोहित यांवांचूनहि देव मिळतो असें मराठींत गाऊन सांगितलें. आणि १२९० सालीं नेवाशास ज्ञानेश्वरांनीं गीतेचा अर्थ मराठींत आणला. लोकांनीं अंतःकरणांत धरलें तें हें. हेमाद्रीचे खंड पंडितांच्या कपाटांत राहिले.

तरीहि लोकांनीं हेमाद्रीस विसरूं दिलें नाहीं, ही गोष्ट उरतेच. ज्या ग्रंथावर त्यानें आयुष्य वेंचलें, तो सामान्य मनुष्यानें पाहिलाहि नाहीं; आणि जीं देवळें त्यानें बांधलीं असें खात्रीनें सांगतां येत नाहीं, त्यांवर त्याचें नांव गांवोगांव कोरलें गेलें. हिशेब बरोबर लावावयाचा, तर तो असा लागेल : राज्यांतर झालें असतां दप्तर सांभाळण्याचें, माप व तिथि नक्की करण्याचें, पूर्वजांची नोंद ठेवण्याचें आणि निवारा, पाणी, औषध व विद्या यांस दानाच्या यादींत मानाची जागा देण्याचें श्रेय हेमाद्रीचें. व्रतांच्या ओझ्याचा वांटाहि त्याचा. देवळांचें श्रेय मात्र ज्यांचीं नांवें कोणीं लिहून ठेविलीं नाहींत, त्या पाथरवटांचें.

हा शेवटचा भाग केवळ इतिहासाच्या पुस्तकापुरता नाहीं. चारठाण्यास, धारासूरास व गोदा, पूर्णा, दुधना यांच्या कांठच्या कित्येक गांवांत हे दगड आजहि ऊनपाऊस सोशीत उभे आहेत. कोठें एखाद्या खांबाचा गोठ्याच्या उंबरठ्यास उपयोग झालेला असतो, कोठें बारवेंत माती भरलेली असते. देऊळ ‘हेमाडपंती’ म्हटलें, कीं तें कोणा बड्या सरकारी माणसाचें होऊन जातें आणि त्याची काळजीहि सरकारनेंच घ्यावी असें वाटूं लागतें. तें आपल्याच गांवच्या कारागिराच्या पूर्वजांनीं घडविलेलें आहे, असें एकदां मनांत ठसलें, म्हणजे त्याच्याकडे पाहण्याची दृष्टि बदलते. सातशें वर्षें चुकीच्या खात्यावर पडून राहिलेली ही रक्कम खऱ्या धन्याच्या नांवें फिरवून लिहिली, तर दप्तराच्या त्या जुन्या अधिकाऱ्यासहि वाईट वाटण्याचें कारण नाहीं. नोंद खरी असावी, एवढीच तर त्याच्या कचेरीची शिकवण होती.